चुकलेल्या कल्पनांचं काय करायचं? खगोलशास्त्राच्या इतिहासातली काही उदाहरणं



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "विक्षिप्त कल्पना म्हणजे काय सांगणार? पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे वगैरे सांगून लोकांना हसवणार का?" मी म्हटलं, कासव आणणार नाही. ज्यांना आपण थोर मानतो त्यांच्याच विक्षिप्त कल्पना सांगणार आहे.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्या घरी आले. नोकरीतून निवृत्त झालेले. हातात दोनशे पानी वही, आणि वहीत ग्रहांच्या अंतरांविषयी त्यांचा स्वतःचा सिद्धान्त. मी चार पानं चाळली, चहा पाजला आणि गोड बोलून त्यांना वाटेला लावलं. जिना उतरताना ते म्हणाले, "सर, चूक आहे हे तुम्ही वाचून नाही, मला बघून ठरवलंत." ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. चाळीस वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं, आणि समोरची कल्पना वेडी की शहाणी हे मी माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवलं होतं.

तर प्रश्न असा आहे: विक्षिप्त कल्पना समोर आली की तिला काय विचारायचं? खगोलशास्त्राच्या इतिहासाकडे हाच प्रश्न घेऊन जाऊ.

आर्यभट आणि घरट्याकडे परतणारे पक्षी

सुरुवात घरातूनच करू. आर्यभटानं 'आर्यभटीय' या ग्रंथात लिहिलं की तारे फिरताना दिसतात, पण प्रत्यक्षात पृथ्वीच स्वतःभोवती फिरते. ग्रंथ इ.स. ४९९ च्या सुमाराचा, तेव्हा तो तेवीस वर्षांचा. नावेतून जाणाऱ्या माणसाला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसंच हे, असा त्याचा दृष्टान्त.

आज आपल्याला हे उघड वाटतं. पण त्या काळी विक्षिप्त कल्पना कुठली होती? हीच. पुढच्याच शतकात वराहमिहिर विचारतो, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले पक्षी परत आपल्या घरट्याकडे कसे येतात? घरटं तर कितीतरी पुढे निघून गेलेलं असेल. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तही आक्षेप घेतो, मग उंच वस्तू कोसळत का नाहीत?

या आक्षेपांना हसू नका. आक्षेप अगदी वाजवी आहेत. त्यांना उत्तर द्यायला जडत्वाची कल्पना लागते. डेक्कन क्वीन भरधाव चालली आहे आणि तुम्ही डब्यात नाणं वर उडवलं, तर ते मागच्या प्रवाशाच्या अंगावर पडत नाही, तुमच्याच हातात येतं. गाडीचा वेग नाण्यालाही मिळालेला असतो. ही गोष्ट गॅलिलिओनं १६३२ साली जहाजाचं उदाहरण घेऊन नीट मांडली. ती सहाव्या शतकात कुणाकडेच नव्हती, आर्यभटाकडेही नव्हती. म्हणजे बघा, निष्कर्ष त्याचा बरोबर आणि युक्तिवाद विरोधकांचा बळकट, अशी स्थिती.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. आर्यभटाला मानणाऱ्या मंडळींनाच हे अवघड जाऊ लागलं. गुरू चुकला असं म्हणवत नाही, आणि पृथ्वी फिरते असंही म्हणवत नाही. मग मूळ श्लोकात 'भू' होतं, म्हणजे पृथ्वी, तिथे 'भं' हा पाठ आला. 'भ' म्हणजे नक्षत्र. एका अक्षरानं पृथ्वी थांबली आणि नक्षत्रं फिरू लागली! भक्तीनं कल्पना कशी मारली जाते, याचं मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही. विरोधकानं निदान ती जशीच्या तशी उद्धृत तरी केली होती. ब्रह्मगुप्ताच्या टीकेमुळेच 'भू' हा पाठ आपल्याला खात्रीनं सांगता येतो.

पृथ्वीच्या फिरण्याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा यायला १८५१ साल उजाडलं. फुकोनं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला गोळा टांगला आणि त्या लंबकाच्या झोक्याची दिशा तासातासाला वळताना लोकांना दाखवली.

सूर्यावर राहणारी माणसं

आता उलट बाजू बघू. विल्यम हर्शेलला तुम्ही ओळखता. १७८१ साली त्यानं युरेनस शोधला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडचे अवरक्त किरण १८०० साली शोधले, तेही त्यानंच. आणि याच हर्शेलनं १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला की सूर्यावर वस्ती असावी.

तो वेडा झाला नव्हता. त्याचा तर्क बघा. सूर्यावर डाग दिसतात. त्याच्या मते सूर्याभोवती तेजस्वी ढगांचा थर आहे, त्याला कुठेकुठे भोकं पडतात, आणि भोकातून आतला काळा भाग दिसतो. काळा दिसतो म्हणजे थंड असणार. मग आत पृथ्वीसारखीच घट्ट जमीन, आणि मध्ये एक संरक्षक थर. पृथ्वीवर जीव आहेत, तर तिथे का नसावेत? उपमान प्रमाण! प्रत्येक पायरी पटण्यासारखी, आणि जिन्याच्या शेवटी सूर्यावरची माणसं.

चूक कुठे झाली? सौरडाग काळे नसतातच. भोवतालचा भाग इतका प्रखर असतो की त्याच्या तुलनेत ते काळे दिसतात. डागांचं तापमानही साडेतीन-चार हजार अंशांच्या घरात असतं. हर्शेलच्या काळात सूर्याचं तापमान मोजायची सोय नव्हती, त्यामुळे कल्पना तपासायलाच वाव नव्हता. आणि जिथे तपासायला वाव नसतो तिथे उपमा मोकाट सुटते.

याच माणसानं १८०१ साली आणखी एक गोष्ट मांडली. सौरडाग कमी असतात त्या काळात गहू महाग होतो का, हे त्यानं अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथातले जुने भाव घेऊन पडताळलं. तेव्हा लोक हसले. गव्हाचा तो संबंध पुढे काही टिकला नाही. पण सूर्य कमीजास्त होतो का आणि त्याचा हवामानाशी संबंध आहे का, हा प्रश्न मात्र आजही गंभीरपणे अभ्यासला जातो. दोन्ही कल्पना एकाच डोक्यातल्या. एक तपासता येत नव्हती, दुसरी आकडे घेऊन तपासायला बसली.

केप्लरच्या आठ कला

जुलै १५९५. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी तेवीस वर्षांचा केप्लर वर्गात शिकवताना फळ्यावर आकृती काढतो, आणि त्याला साक्षात्कार होतो की ग्रह सहाच का आहेत याचं उत्तर भूमितीत आहे. सर्व बाजू सारख्या असलेल्या घनाकृती पाचच असतात, हे युक्लिडपासून सिद्ध आहे. सहा ग्रह म्हणजे मधल्या जागा पाच. शनी आणि गुरू यांच्यामध्ये घन, गुरू आणि मंगळ यांच्यामध्ये चतुष्फलक, अशा त्या बसवत गेलं की ग्रहांची अंतरं जवळपास जुळतात. १५९६ साली त्यानं यावर पुस्तक काढलं.

'जवळपास' हा शब्द लक्षात ठेवा. कारण पुढे याच केप्लरच्या हातात टायको ब्राहेची निरीक्षणं आली. मंगळासाठी त्यानं वर्तुळावर आधारलेली एक कक्षा महाप्रयासानं बसवली. ती आठ कलांनी चुकत होती. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचा चंद्र सुमारे तीस कला रुंद दिसतो, म्हणजे आठ कला ही चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव एवढी चूक. दुसरा कुणी असता तर 'जवळपास जुळतंय' म्हणून गप्प बसला असता. केप्लर म्हणाला, टायको इतका चुकणारा नाही, चूक माझ्याच कल्पनेत आहे. आणि त्यानं दोन हजार वर्षांचं वर्तुळ सोडून दिलं. १६०९ साली मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा जगापुढे आली.

आणि तरीही, मंडळी, पाच घनाकृतींवरचा त्याचा जीव काही सुटला नाही. १६२१ साली त्यानं ते तरुणपणीचं पुस्तक टिपा जोडून पुन्हा छापलं. एका कल्पनेला आठ कलांची सूट न देणारा माणूस दुसऱ्या कल्पनेला आयुष्यभर सूट देत राहिला. हे मला फार माणसासारखं वाटतं. पुढे युरेनस सापडला, सातवा ग्रह आला, आणि 'सहाच का' हा प्रश्नच उरला नाही.

एकच माणूस, एकच रीत, दोन निकाल

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. न्यूटनचे नियम लावले की तो एकीकडे असायला हवा, दुर्बिणीत दिसे दुसरीकडे. पॅरिसच्या ल व्हेरिएनं तर्क केला की पलीकडे एक न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार. इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्सही स्वतंत्रपणे तेच गणित करत होता. ल व्हेरिएनं जागा काढली आणि बर्लिनच्या गालेला पत्र लिहिलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र मिळालं, त्याच रात्री गालेनं दुर्बीण लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत ग्रह सापडला. तोच नेपच्यून. कागदावरच्या आकड्यांतून ग्रह काढला म्हणून सगळं युरोप थक्क झालं.

पुढे ल व्हेरिए बुधाकडे वळला. बुधाची कक्षा सूर्याला जिथे सर्वांत जवळ येते, तो उपसूर्य बिंदू हळूहळू सरकतो. बाकीच्या ग्रहांच्या ओढीमुळे तो शंभर वर्षांत सुमारे ५३० विकला सरकायला हवा. प्रत्यक्षात ३८ विकला जास्त सरकत होता. नंतरच्या मोजणीत हा फरक ४३ विकला ठरला. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. या जादा फरकानं चंद्राच्या रुंदीइतकं सरकायला चार हजारांहून जास्त वर्षं लागतील! पण ल व्हेरिएच्या गणितात तो बसत नव्हता. १८५९ साली त्यानं तेच म्हटलं जे युरेनसच्या वेळी म्हटलं होतं: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये न दिसलेला ग्रह, किंवा लहान ग्रहांचा थवा असला पाहिजे.

आणि ग्रह 'दिसला'सुद्धा. लेस्कार्बो नावाच्या एका खेडेगावातल्या डॉक्टरनं कळवलं की २६ मार्च १८५९ ला सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सरकताना त्यानं पाहिला. ल व्हेरिए न कळवता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि उलटतपासणी घेतली. घड्याळाला सेकंदकाटा नव्हता, डॉक्टर टांगत्या गोळीच्या झोक्यांवर सेकंद मोजायचा. निरीक्षणं फळीवर लिहून ठेवलेली. ल व्हेरिएची खात्री पटली. ग्रहाला नाव मिळालं व्हल्कन, आणि डॉक्टरला सरकारी सन्मान.

मात्र ब्राझीलमध्ये त्याच वेळी सूर्य पाहणाऱ्या लिएला काहीच दिसलं नव्हतं. मार्च १८७७ मध्ये व्हल्कन सूर्यावरून जाईल असं ल व्हेरिएनं गणित मांडलं होतं, तो गेला नाही. त्याच वर्षी ल व्हेरिए वारला. तारीख २३ सप्टेंबर, नेपच्यून सापडला तीच. पुढच्या वर्षीच्या ग्रहणात दोन अमेरिकन निरीक्षकांनी व्हल्कन पाहिल्याचं सांगितलं, ते बहुधा नेहमीचेच तारे होते. मग उत्तर कुठून आलं? नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त बुधाला लावला आणि कुठलाही ग्रह न घालता बरोबर ४३ विकला बाहेर आल्या. त्या आनंदात तो काही दिवस बेभान होता.

आता विचार करा. ल व्हेरिएची रीत दोन्ही वेळा एकच होती: नियम बरोबर आहे, काहीतरी न दिसलेलं आहे. पहिल्यांदा ग्रह मिळाला. दुसऱ्यांदा नियमच अपुरा होता. विक्षिप्त कुठली कल्पना होती? दोन्ही सारख्याच होत्या. फरक घरात बसून कळला नसता, आकाशाकडे बघूनच कळला.

विजयदुर्ग, जेऊर आणि न सापडलेलं मूलद्रव्य

आमच्या पंथातल्या एका थोर माणसाची फजितीही सांगायला हवी. ऑग्युस्त काँत हा तत्त्वज्ञ. त्यानं १८३५ साली लिहिलं की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तिथे जाता येत नाही, नमुना आणता येत नाही, मग कळणार कसं? पंचवीस वर्षांच्या आत किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्या रेषा असतात. नमुना आणायची गरजच नाही, प्रकाश स्वतःच नमुना आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. गुंटूरला फ्रान्सचा जान्सन होता. जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, मघाच्या विल्यम हर्शेलचा नातू. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट सगळ्यांनी तपासला. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं ग्रहणाशिवायच तो वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती, पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी जुळत नव्हती. लॉकियर म्हणाला, हे नवं मूलद्रव्य आहे. नाव हेलियम, सूर्याच्या ग्रीक नावावरून. कित्येकांना ही कल्पना विक्षिप्त वाटली. १८९५ साली रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजात तोच वायू मिळाला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता ना?" मी पुस्तकं काढून बघितली. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. 'साहेबाचे ओटे' दाखवतात ते त्या वेळचे. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला निरीक्षणाला बसले होते. अभिमानाला ही गोष्टही पुरेशी आहे. अभिमानापोटी तारीख तीस वर्षं मागे सरकवणं म्हणजे 'भू'चा 'भं' करण्यासारखंच आहे, आणि ते मी स्वतः केलं होतं.

आता हेलियमच्या जुळ्या भावाकडे बघा. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशीच जुळेना. रीत तीच, निष्कर्ष तोच: नवं मूलद्रव्य, नाव कोरोनियम. मेंदेलेवसारख्यानं ते हायड्रोजनपेक्षाही हलकं असेल असा तर्क केला. सत्तर वर्षं लोक त्याचा पत्ता शोधत राहिले. अखेर १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एड्लेन यांच्या कामातून उलगडा झाला. ते साधं लोखंड होतं, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. लोखंडाची अशी दशा व्हायला लाखो अंश तापमान लागतं. म्हणजे सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश आणि त्याच्या वरचं प्रभामंडल दहा लाखांच्या घरात! कोरोनियम गेलं, पण जाताना असं कोडं देऊन गेलं की त्याच्यावर आजही काम चालू आहे.

मग विचारायचं काय?

आज हाच प्रसंग पुन्हा आपल्यासमोर आहे. १९३३ साली झ्विकीनं आणि १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दाखवलं की दीर्घिकांमधल्या हालचाली दिसणाऱ्या पदार्थाच्या हिशेबात बसत नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारं कृष्णद्रव्य आहे. मिलग्रोमनं १९८३ साली सुचवलं की गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलायला हवा. कृष्णद्रव्याच्या बाजूचा पुरावा आज बराच जास्त आहे, पण त्याचा कण अजून हाती लागलेला नाही. हा नेपच्यून आहे की व्हल्कन? ल व्हेरिएला दोन्ही वेळी तितकीच खात्री होती, हे विसरू नये.

मला इतकंच कळतं. कल्पना विक्षिप्त आहे का, हा प्रश्न कामाचा नाही. कोण सांगतंय, हाही नाही. विचारायचं ते हे: काय दिसलं तर ही कल्पना तू सोडशील? केप्लरला मंगळाच्या बाबतीत उत्तर माहीत होतं, आठ कला. घनाकृतींच्या बाबतीत त्यानं स्वतःला तो प्रश्न विचारला नाही. सूर्यावरच्या वस्तीला तो प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आणि व्हल्कन चुकीचा ठरला तरी तो कामाचा ठरला, कारण मार्च १८७७ मध्ये सूर्याकडे बघा, असं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

एवढं बोलून थांबतो.

*(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांमधून)*

प्रश्न: सर, त्या वहीवाल्या गृहस्थांना नंतर भेटलात का?

उत्तर: नाही. फोन नंबर घ्यायचंही मला सुचलं नव्हतं. त्यांचा सिद्धान्त बहुधा चूकच असेल, मी चाळलं त्यावरून तसंच वाटतं. पण केप्लरला जो प्रश्न आज विचारला तो त्यांना विचारला असता, तर तासभर बसून दोघांनी मिळून ती चूक शोधली असती. आणि चूक सापडली नसती तर? मग मला आणखी एक चहा करावा लागला असता. ते गृहस्थ आज इथे असतील, किंवा कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांना सांगा, वही घेऊन या. या वेळी वाचतो.